आम्ही सामनेवाले

ज्या हिवाळ्यात आम्ही अनोळखी लोकांच्या लग्नांना जायला लागलो, त्या हिवाळ्यात आमची मुलगी सात वर्षांची होती आणि आम्हाला दिल्लीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. परदेशी फ्रिज विकणाऱ्या एका कंपनीत नवऱ्याला नोकरी लागली होती. अशा कंपन्या तेव्हा नव्यानेच येत होत्या. पुण्याच्या कारखान्यात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जाणाऱ्या माझ्या नवऱ्याला त्यांनी आल्याआल्या सूट शिवून घ्यायला सांगितलं. घर मिळालं ते मयूर विहारमध्ये, एका सहकारी सोसायटीत पहिल्या मजल्यावर. सोसायटी इतकी नवी की जिन्यात अजून रंगाचा वास होता. समोर एक पार्क होतं. म्हणजे पाटीवर पार्क लिहिलेलं होतं. झाडं लावायची राहिली होती. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की तिथे रोज कुणाचं ना कुणाचं लग्न लागायचं.

मुलगी कमी बोलायची. बोलायची तेव्हा एकेक शब्द, अर्धे मराठी, अर्धे हिंदी. डोळ्याला डोळा द्यायची नाही. खेळण्यातल्या गाड्या चालवायच्या सोडून त्यांची रांग लावायची आणि रांगेतली एक जरी कुणी सरकवली तर जमिनीवर लोळून रडायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशिरा बोलेल. दिल्लीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पहिल्यांदा ‘ऑटिझम’ हा शब्द सांगितला. सासूबाईंनी फोनवर तो शब्द पुन्हा पुन्हा विचारला आणि शेवटी म्हणाल्या, “दिल्लीत गेल्यावर झालाय ना? मग पुण्याला आलात की जाईल.”

शाळाही नवीनच होती. तिथे बाकं नव्हती याचा प्रिन्सिपल मॅडमना फार अभिमान होता. प्रत्येक मुलाला स्वतंत्र डेस्क आणि लोखंडी पायांची स्वतंत्र खुर्ची, खाली चकचकीत मोझेकची फरशी. ॲडमिशनच्या वेळी त्यांनी ती फरशी आम्हाला मुद्दाम फिरून दाखवली होती. आमची मुलगी त्याच फरशीवर डेस्कखाली शिरून बसायची, कानांवर हात ठेवून. वर्गशिक्षिका तिशीच्या आतल्या, उंच, कडक, पंजाबी होत्या. त्या दर आठवड्याला मला बोलावून घ्यायच्या. मुलगी ओरडते, जागेवर बसत नाही, वर्गातून पळते. लक्ष राहावं म्हणून त्यांनी तिला सगळ्यात पुढे, आपल्या टेबलासमोर बसवलं होतं. तिथून ती आणखीच पळायची. मी मान खाली घालून ऐकायची आणि घरी येऊन मुलीला ‘शाळेत नीट बसायचं’ असं समजावायची. ती खिडकीबाहेर बघत राहायची.

एका संध्याकाळी मी कणीक मळत होते. दाराची कडी लावायची राहिली. हात धुऊन बाहेर आले तर मुलगी नाही. जिन्यात नाही, गच्चीवर नाही. नवरा नुकताच ऑफिसातून आला होता, तो सूटबुटात तसाच धावला. मी गाऊनवर स्वेटर चढवलेला, पिठाचे हात. चौकीदार म्हणाला, बच्ची तो शादी में गयी. त्याला वाटलं आम्हाला आमंत्रण आहे.

मांडवात बँड अगदी टिपेला पोचला होता. नवरदेवाची घोडी दारात उभी होती आणि तिच्यासमोर माणसं नाचत होती. त्या सगळ्यातून वाट काढत आम्ही आत गेलो. शेवटच्या रांगेत, पार कडेच्या खुर्चीवर आमची मुलगी बसली होती. हात मांडीवर, पाय जुळवलेले, चेहरा शांत. असं बसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. जन्मापासून नाही. शाळेच्या घंटेने कळवळणारी मुलगी वीस जणांच्या बँडसमोर एखाद्या वयस्कर पाहुणीसारखी बसून होती.

मी तिचा हात धरून उठवायला गेले तर ती अशी किंचाळली की नाचणारेसुद्धा थांबले. फेटा बांधलेले एक गृहस्थ लगबगीने आले. वधूचे काका असावेत. त्यांनी माझ्या गाऊनकडे पाहिलं, पिठाच्या हातांकडे पाहिलं, नवऱ्याच्या सुटाकडे पाहिलं आणि सुटावर विश्वास ठेवायचं ठरवलं. बच्ची को बैठने दीजिए, म्हणाले. आणि मग विचारलं, “आप किस तरफ़ से?”

माझा नवरा खोटं बोलत नाही. फ्रिज विकतानाही नाही, त्यामुळे त्याचं प्रमोशन कायम रखडलेलं असायचं. त्याने घराकडे बोट केलं आणि म्हणाला, “हम सामने की तरफ़ से हैं।”

“अच्छा, सामनेवाले!” असं म्हणून काकांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या लेखी सामनेवाले म्हणजे वराकडचे. थोड्या वेळाने वराकडच्या एका बाईंनीही तेच विचारलं आणि तेच उत्तर मिळाल्यावर त्यांनी आम्हाला वधूकडचे धरलं. आम्ही दोघं मुलीच्या शेजारी बसून राहिलो. हार घालून झाले, स्टेजवर फोटो सुरू झाले, तेव्हा ती आपणहून उठली आणि म्हणाली, “घर.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दाराला वरची कडी लावली. पण पार्कात बांबू उभे राहिले की तिला खिडकीतून दिसायचेच. ती दाराशी जाऊन उभी राहायची. ओरडायची नाही. नुसती उभी राहायची, दाराला कपाळ टेकवून, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत राहायचं. तिसऱ्या संध्याकाळी नवरा सोफ्यावरून उठला आणि म्हणाला, “चल, साडी नेस. जायचंच असेल तर नीट जाऊ.”

त्याने नियम केले. एक, गबाळं जायचं नाही. दोन, जेवायचं नाही. ज्याच्या घरचं अन्न खाल्लं त्याला आहेर द्यायला लागतो आणि रोज आहेर द्यायची आपली ऐपत नाही. तीन, निघताना नवरा-नवरीला मनापासून आशीर्वाद द्यायचा, तो फुकट असतो. आणि कुणी विचारलं तर खरं सांगायचं. म्हणजे ‘सामने की तरफ़ से’.

त्या हिवाळ्यात आमच्या लग्नातल्या दोन्ही पैठण्या जितक्या वापरल्या गेल्या तितक्या त्याआधी कधी गेल्या नव्हत्या. साडी बघून लोक मला मद्रासी समजायचे. नवरदेव बंगलोरला नोकरीला असला तर मग प्रश्नच नसायचा. त्याच्या ऑफिसचे लोक आले म्हणून आम्हाला पुढे नेऊन बसवायचे, आणि मुलगी उठून पुन्हा शेवटच्या रांगेत कडेला जाऊन बसायची, मागोमाग आम्ही. व्हिडिओवाला तो प्रखर दिवा घेऊन आला की ती तोंड फिरवायची, आम्ही हसायचो. मयूर विहारमधल्या कितीतरी घरांत आजही एक कॅसेट असेल, ज्यात पैठणीतली एक बाई उपाशी चेहऱ्याने हसते आहे.

हे सगळं निभावत होतं, पण एकदा मिलनीच्या वेळी आम्ही दाराशी अडकलो. मिलनी म्हणजे दोन्हीकडच्या नातेवाइकांची गळाभेट. मामाला मामा भेटतो, काकाला काका, एकमेकांना हार घालतात आणि जमलं तर गमतीने उचलतात. वराकडचे फूफा, म्हणजे आत्याचे यजमान, हार घेऊन उभे होते. वधूकडचे फूफा रुसून घरी बसले होते, असं नंतर कळलं. पुकारा झाला, कुणीच पुढे येईना. सगळे इकडेतिकडे बघायला लागले आणि त्यांना माझा नवरा दिसला. सूट, चष्मा, चेहऱ्यावर जबाबदारीचे भाव. कुणीतरी त्याला पाठीमागून ढकललं. पुढच्या क्षणी सहा फूट उंचीच्या त्या फूफांनी त्याला कमरेला धरून उचललं होतं आणि त्याचा चष्मा झेंडूच्या हारात अडकून लोंबत होता.

घरी येताना मी विचारलं, “अहो, आज मात्र खोटं झालं ना?”

“मी काही बोललोच नाही,” तो म्हणाला. “मी हवेत होतो.”

त्याच आठवड्यात शाळेने आम्हाला बोलावलं. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच गेले. प्रिन्सिपल मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, आणि पुढच्या वर्षासाठी आम्ही विचार करावा. वर्गशिक्षिका शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की मुलगी एका जागी पाच मिनिटंसुद्धा बसू शकत नाही, मग शिकवायचं कसं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “शादी में तो दो घंटे बैठती है।”

कुणाच्या शादीत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणाच्याही. मग सगळं सांगावं लागलं. सांगताना मला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. समोरच्या दोघी तर एकमेकींकडे बघत होत्या. प्रिन्सिपल मॅडमनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. पण वर्गशिक्षिका माझ्या मागोमाग गेटपर्यंत आल्या. पुढची शादी कधी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पार्कात खड्डे खणलेत, म्हणजे उद्या असणार.

त्या खरंच आल्या. गडद निळी शाल, केसांत क्लिप, हातात पर्स. आमच्या नियमांचं त्यांना काही पडलं नव्हतं. आल्याआल्या त्यांनी गाजर हलव्याची वाटी घेतली आणि मुलीशेजारच्या खुर्चीवर बसल्या. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण उठलीही नाही. मॅडमनी सावकाश हलवा संपवला. पुढे बँड आला, फटाके फुटले. मॅडमनी स्वतःच्या कानात बोटं घातली आणि मुलीकडे पाहिलं. ती मांडीवर बोटांनी बँडचा ठेका धरून होती.

मग एक गंमत झाली. मांडवात सगळीकडे जाड सतरंज्या होत्या, पण मागे आचाऱ्याच्या बाजूला जमीन विटांची होती. तिथे कुणीतरी लोखंडी खुर्ची ओढली. करर्र असा आवाज आला, फार मोठा नाही. बँडच्या मानाने काहीच नाही. मुलीने दोन्ही हात कानांवर दाबले आणि खुर्चीखाली उतरायला लागली. मी सवयीने तिला धरायला वाकले. मॅडमनी माझा हात अडवला. आवाज थांबला. मुलगी सावकाश वर येऊन बसली आणि पुन्हा बोटांनी ठेका धरला.

मुलगी उठून पुढच्या रांगेतली वाकडी खुर्ची सरळ करायला गेली, तेवढ्यात मॅडम पटकन तिच्या खुर्चीवर बसल्या. डावीकडे पाहिलं, मागे हात लावून पाहिला. मागे कनात होती, मांडवाची कापडी भिंत.

“यहाँ पीछे कोई नहीं है,” त्या मला म्हणाल्या. “क्लास में मैंने इसके पीछे चालीस बच्चे बिठा रखे हैं। और चालीस कुर्सियाँ।”

मुलगी परत आली आणि आपल्या जागेवर बसलेल्या बाईंसमोर उभी राहिली. मॅडम मुकाट्याने उठल्या. ‘सॉरी बेटा’ म्हणाल्या. शाळेतल्या कुणा बाईंनी माझ्या मुलीला सॉरी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला एकदम भूक लागली. मी जाऊन एक वाटी हलवा घेतला. नवऱ्याने पाहिलं आणि स्वतःही घेतला. जाताना आम्ही नवरीच्या हातात एकावन्न रुपये ठेवले.

दुसऱ्या दिवशी मुलीची जागा बदलली. शेवटची रांग, कोपरा, मागे भिंत. त्या दिवशी ती पळाली नाही. पण प्रत्येक तासाला मुलं उभी राहायची, बसायची, आणि सगळ्या खुर्च्या त्या चकचकीत फरशीवर एकदम ओरडायच्या. जी फरशी आम्हाला मुद्दाम फिरून दाखवली होती, तीच मुलीला पोळत होती. मॅडम म्हणाल्या, काहीतरी अंथरायला हवं. शाळा देणार नाही हे त्यांना माहीत होतं. मग त्या माझ्याबरोबर टेंटवाल्याकडे आल्या.

टेंटवाल्याने मला लगेच ओळखलं. महिनाभर त्याच्या प्रत्येक मांडवात आम्ही होतो. मुलगी खुर्च्या सरळ करते म्हणून त्याची पोरं तिला ‘छोटी सुपरवायझर’ म्हणायची. त्याला वाटलं आमच्याच घरी लग्न आहे. नाही, वर्गासाठी हवंय, म्हटल्यावर तो जरा हिरमुसला, पण एक डागाळलेली जुनी लाल सतरंजी द्यायला तयार झाला. हिंदीत सतरंजीला दरी म्हणतात. मी सासूबाईंना फोनवर आनंदाने सांगितलं की हिच्या वर्गात आता दरी टाकणार आहेत, तर त्यांनी घाबरून विचारलं, “केवढी खोल?”

सोमवारी सकाळी टेंटवाल्याचा टेम्पो शाळेत आला आणि त्याच्या माणसांनी सवयीने पूर्ण काम केलं. म्हणजे सतरंजी अंथरली आणि शिवाय सगळ्या खुर्च्यांना पांढरी झालर असलेली कव्हरं चढवून मागे गुलाबी सॅटिनचे बो बांधले. कव्हरं आणि बो त्यांच्या मालकाकडून भेट. मॅडम पोचल्या तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि मुलं त्या खुर्च्यांवर अवघडून, पाहुण्यांसारखी बसली होती. एकाने डबा उघडून शेजाऱ्याला आग्रहसुद्धा केला.

तासाभराने प्रिन्सिपल मॅडम राउंडला आल्या. हे मी मॅडमकडूनच ऐकलंय, पण इतक्यांदा की आता मीच तिथे उभी होते असं वाटतं. त्या दारातच थांबल्या. हे काय आहे, त्यांनी विचारलं. मग पहिल्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, “मैडम, शादी।”

वर्गशिक्षिकांनी सारवासारव केली नाही. त्यांनी प्रिन्सिपल मॅडमना आत बोलावलं, शेवटच्या रांगेत माझ्या मुलीशेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि मग मुलांना म्हणाल्या, सगळे उभे राहा. आता बसा. चाळीस मुलं उभी राहिली, बसली. काही आवाज झाला नाही. पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसली. माझी मुलगी वहीत एकाखाली एक रेघा ओढत होती. तिचा हात थांबला नाही. प्रिन्सिपल मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, खाली सतरंजीकडे पाहिलं. शेजारच्या वर्गातून भिंतीपलीकडे खुर्च्या ओढल्याचा आवाज आला आणि म्हणे त्या स्वतःच दचकल्या.

मग त्यांनी हुकूम दिला. दरी राहील. कव्हरं राहतील, पण दर शनिवारी धुतली पाहिजेत. बो मात्र ताबडतोब काढायचे, बो शिस्तीत बसत नाहीत.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. स्पोर्ट्‌स डेच्या शिट्टीने मुलगी मैदानातून निघाली ती थेट भाजीवाल्याच्या हातगाडीखाली लपलेली सापडली. इतर मुलांच्या काही आयांनी विचारलं, एका मुलीसाठी एवढं कशाला. एका वडिलांची तक्रार होती की त्यांचा मुलगा आता घरीसुद्धा कव्हर नसलेल्या खुर्चीवर जेवायला बसत नाही. चौथीच्या बाईंनी सतरंजी धुळीची म्हणून काढून टाकली आणि आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर आलो. पण तोवर मुलगी वाचायला शिकली होती, आणि आम्हीही एक गोष्ट शिकलो होतो. ती ओरडली की ‘गप बस’ म्हणायच्या आधी आम्ही तिच्या जागेवर जाऊन बसायचो. अगदी शब्दशः. डेस्कखाली, पलंगामागे, बसच्या त्या विशिष्ट सीटवर. नवरा सूट घालूनच पलंगामागे शिरायचा आणि आतून मला सांगायचा, “अगं, इथे ट्यूबलाइटची घूं घूं ऐकू येतेय.” बहुतेक वेळा काहीतरी सापडायचं. कधी काहीच सापडायचं नाही, मग तिघंही तिथेच बसून राहायचो.

तीन-चार वर्षांनी वर्गशिक्षिकांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. त्या स्वतः पत्रिका घेऊन घरी आल्या. आमच्या दिल्लीतल्या आयुष्यातलं हे पहिलं लग्न, ज्याचं आम्हाला रीतसर आमंत्रण होतं. नवऱ्याने चांदीची वाटी आणली. मी नवी साडी घेतली. लग्न भरदुपारचं, नोएडात नव्याने उघडलेल्या एका बँक्वेट हॉलमध्ये. आम्ही दारापर्यंत गेलो. आत सगळीकडे संगमरवर होता, आरशासारखा, आणि वेटर खुर्च्या ओढून टेबलं मांडत होते. मुलीने एकदा आत पाहिलं, वळली आणि पार्किंगमध्ये जाऊन आमच्या गाडीत मागच्या सीटवर बसली. काचा वर करून घेतल्या.

मी वाटी देऊन यायला आत गेले आणि मॅडमना सांगितलं की आम्हाला थांबता येणार नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, गर्दीत त्यांनी नीट ऐकलं नसेल. आम्ही जरा वेळ गाडीतच बसलो, मुलगी शांत झाली की निघू म्हणून. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मॅडम उभ्या होत्या, भरजरी लेहंगा, कपाळावर टिकली, दोन्ही हातांत जेवणाच्या प्लेटा. दार उघडलं तर लेहंगा आत मावेना. नवऱ्याने बाहेर उतरून तो सगळा घेर दोन्ही हातांनी गोळा करून आत कोंबला आणि दार लावलं. मुलगी खिडकीकडे सरकली. तिच्या मांडीवर जरीचा काठ आला होता. ती त्यातले मणी एकेक करून बोटाने मोजायला लागली.

“आप को अंदर होना चाहिए,” मी म्हटलं.

“फोटो चल रहे हैं,” त्या म्हणाल्या. “उसमें बहुत टाइम लगता है।” आणि त्यांनी पुरीचा तुकडा मोडून मुलीसमोर धरला. मुलीने त्यांच्या तोंडाकडे न बघता तो घेतला. मी पुढच्या सीटवर मागे वळून बसले होते. मान अवघडली होती, पण मी तशीच बसून राहिले. बाहेर कुणीतरी मॅडमना हाका मारत होतं, आणि त्या सावकाश चघळत खात होत्या.